दिव्याचं काम, मोटरचं काम

सोल्डरिंगचा वास आला, की मला बार्शीटाकळीचं झेंडूचं वावर आठवतं. मैत्रीण नसरीन आणि मी बनवलेला, पाण्याची मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड तिच्या अब्बांच्या त्या वावरात पहिल्याच दिवशी अडकला. झेंडूनं माना टाकल्या होत्या.

“बंद करून चालू करा ना!” तिचे अब्बा म्हणाले.

“थांबा अब्बा, आत कोन का करून राह्यलं, पाहू द्या.” नसरीननं लॅपटॉपवरून बोर्डाला ‘टॉप’ कमांड दिली, कोणतं काम प्रोसेसरचा किती वेळ घेतंय ते दाखवणारी. दिवा लुकलुकवायचं काम सगळा वेळ खात होतं आणि मोटरचं काम ताटकळत होतं. दिवा अब्बांनीच हौसेनं मागितला होता. आम्ही त्या कामाचा क्रम मोटरच्या कामाच्या खाली नेला.

मोटर घुमली. अब्बा हसले, “पयले पानी, मंग रोशनी!”

तेव्हा आम्हीही नुसत्या हसलो. आता कोणताही नवा बोर्ड हाती आला, की कामांचा क्रम लावताना मी आधी विचारते, यातलं पाणी कोणतं?