पाण्यातला पुंजणा

"समुद्र पाह्यला काय?" नवीन माणूस भेटला की चाचांचा पहिला प्रश्न हाच. ब्रश कानावर अडकवायचे, एक डोळा बारीक करायचे आणि उत्तराची वाट पाहायचे. समोरचा नाही म्हणाला की त्यांना बरं वाटे. "मी बी नाई पाह्यला," म्हणत आणि चहा मागवत.

चाचा वडशाच्या आमच्या नाटक कंपनीचे पडदे रंगवत. मी पेटी वाजवायचो. त्यांच्या पडद्यांवर जंगल, महाल, तुरुंग, पाटलाची बैठक. थंडीत प्रयोग सुरू होण्याआधी सगळं तयार लागे. तुमच्याही गावात असा एखादा पेंटर असेल, हाताने दुकानांच्या पाट्या रंगवणारा आणि मनाने भलतीकडेच राहणारा.

आमचे चाचा राहत एका कॅलेंडरात. एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडे आलेलं ते परदेशी कॅलेंडर त्यांनी मागून आणलं होतं. कड्यावर पायऱ्यापायऱ्यांचं पडकं दगडी देऊळ, खाली पांढरी वाळू, हिरवंनिळं पाणी आणि तळाशी पोवळ्यांची, गुलाबी दगडांची झाडं. शाळेतल्या गुरुजींनी वाचून सांगितलं, हे मेक्सिकोकडचं, माया लोकांचं देऊळ. चाचांनी ते आपल्या सोयीने ऐकलं. पुढे कोणी विचारलं की सांगत, "मायचं देऊळ व्हय ते." कोणाच्या मायचं, म्हणून मी एकदा चिडवलं. "सगळ्यायच्या," ते म्हणाले, आणि हसले नाहीत.

तिथे जायचं त्यांच्या मनात पक्कं होतं. जाऊन करणार काय, विचारलं तर म्हणत, "काई नाई. पाय बुडवून बसतो." नागपूरच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. केस पिकले तसं त्यांनाही कळलं की हे आपल्याकडून व्हायचं नाही. मग कोणी न सांगता त्यांनी तो समुद्रच पडद्यावर उतरवला. आपल्याला जाता येत नाही, तर निदान लोकांनी तो एकदा डोळे भरून पाहावा, एवढंच त्यांना हवं होतं. पण आमच्या जंगलमुलखातल्या, झाडीपट्टीच्या नाटकात समुद्र कुठून येणार? दरवर्षी ते कंपनीच्या लेखकाच्या मागे लागत, एक सीन टाका म्हणत.

शेवटी एका साली लेखकाने नायिकेच्या स्वप्नाचं गाणं टाकलं. तलावाकाठच्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या एका गावात प्रयोग होता. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस होऊन शेतातले पुंजणे, म्हणजे कापून रचून ठेवलेल्या धानाच्या राशी, भिजले होते. मी सूर धरला, पडदा सुटला. चाचा नवा सदरा घालून विंगेत उभे होते. गाणं चालू होतं, पण लोकांचं तिकडे लक्षच नव्हतं. सगळे त्या पायऱ्यांच्या देवळाकडे आणि खालच्या पाण्याकडे पाहत होते. पुढे बसलेली एक म्हातारी मोठ्याने बोलली, "कोनाचा पुंजना बुडून राह्यला बापा?"

पायऱ्यांचं देऊळ तिला रचलेल्या धानासारखं दिसलं होतं. लोक हसले असते तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. बायांनी पदर तोंडाला लावले, माणसं धानाचं बोलत उठून गेली. चाचा पडद्याची दोरी धरून तसेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मालकांनी पडदा बाद केला. देऊळ तेवढं पुसून टाका, पाणी राहू द्या, असं मी चाचांना सुचवलं. "मंग ते तिथलं नाई राहत," ते म्हणाले. पडदा गुंडाळून घरी घेऊन गेले आणि समुद्राचं त्यांनी पुन्हा कोणाला विचारलं नाही.

पुढे छापील फ्लेक्स आले. कंपनीला पेंटर लागेनासा झाला. चाचा दाराशी बसून राहत. मी गेलो तरी चहा मागवत नसत.

ते गेले त्या सकाळी अखेरच्या आंघोळीसाठी अंगणात आडोसा करायचा होता. घरातल्या चादरी पुरेनात, म्हणून त्यांच्या भावाने माळ्यावरची ती पडद्याची गुंडाळी काढून चौफेर बांधली. मौतीच्या घरी चित्र बाहेरून दिसू नये, म्हणून रंगाची बाजू आत केली. मी बाहेर चार लोकांबरोबर उभा होतो. मला पडद्याची पाठच दिसत होती, मळकी, कुठे कुठे गुलाबी रंग फुटून आलेली. समुद्रापर्यंतचा एवढाच प्रवास या माणसाच्या वाट्याला आला, आणि तोही डोळे मिटल्यावर. मला रडू आलं नाही, राग आला. कोणावर, ते कळेना.

आत लोट्याने पाणी पडत होतं. मध्येच थांबलं. मग त्यांच्या भावाचा आवाज आला, "पायावर टाका अजून."