कानांचा डबा पुण्यात राहिला

निघायच्या दिवशी सकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कॅमेरा, त्याच्या दोन जादा बॅटऱ्या, तिवई, कॉलरला लावायचा माइक, दोन पॉवर बँका, पाच प्लगांचा एक्स्टेन्शन बोर्ड, रक्तदाबाचं मशीन, वाफेचं मशीन, गुडघे शेकायची विजेची पिशवी, मानेखाली घ्यायच्या फुगवायच्या उशा. प्रत्येक वस्तूसाठी चेनची वेगळी थैली, थैलीवर क्रमांक आणि वहीत यादी. मला ही बांधाबांध मनापासून आवडते, हे आधीच कबूल करते. प्रवासापेक्षाही थोडी जास्तच.

"आपण बोरगावला चाललोय की बर्फात?" सुधीरने, माझ्या नवऱ्याने, चहाचा कप ठेवायला जागा शोधत विचारलं.

मी लक्ष दिलं नाही. त्या पसाऱ्यात खरी वस्तू एकच होती आणि ती हरभऱ्याच्या घाट्याएवढी होती. बाबांच्या कानात घालायची नवी मशिनं. हा प्रवास त्यांच्याच भरवशावर ठरला होता.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचे आईवडील लवकर गेले, म्हणून ते नागपूरपलीकडे, सौंसरजवळच्या बोरगावला, मोठ्या बहिणीच्या घरी वाढले. तिला ते बाई म्हणतात. ती माझी आत्या. आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या आतोबांनी, बाबांना शिकवलं आणि पुढे नोकरीसाठी पुण्याला धाडलं. आतोबा गेले त्या टाळेबंदीच्या दिवसांत गाड्याच बंद होत्या. बाबांना जाता आलं नाही. मग बाबांचे गुडघे, मग आईचं दुखणं, मग आईचं जाणं. जायचं ठरायचं आणि राहायचं. तोवर बाबांचे कानही जात राहिले. रविवारी आत्याचा फोन आला की ते तीनदा "काय? काय?" म्हणायचे आणि शेवटी "बरं, बरं" म्हणून ठेवून द्यायचे.

एकदा खिडकीबाहेर बघत ते मला म्हणाले, "भाऊजींनी जाताना माझी वाट पाहिली असेल का गं? बाईला एकदा विचारायचंय. पण फोनवर विचारायची गोष्ट नाही ही. आणि विचारलं, पण उत्तर ऐकू आलं नाही तर?"

त्याच आठवड्यात मी मशिनं आणली आणि तिकिटं काढली. सुधीरला सोमवारची एकच रजा मिळाली, म्हणून जेमतेम एका रात्रीचा मुक्काम.

गाडीत बघते तर बाबांचे कान मोकळे. मी खुणेने विचारलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. "बाईसाठी राखून ठेवलीत," म्हणाले. नवा टॉवेल पाहुण्यांसाठी आणि चांगलं पेन सहीसाठी ठेवणारा माणूस. मी हसले आणि वरच्या बर्थवर जाऊन झोपले.

नागपूरला पहाटे गाडी बदलली. सौंसरलाही रेल्वे जाते, पण बाबांना पांढुर्ण्याच्याच फलाटावर उतरायचं होतं, कारण तरुणपणी ते तिथूनच गाडीत चढले होते. माघाची थंडी होती. धुकं शेतांवरून हलायला तयार नव्हतं. मधूनच कापसाच्या पऱ्हाट्या दिसत, मधूनच एखादी संत्र्याची बाग, आणि पुन्हा सगळं पांढरं. बाबा काचेला कपाळ टेकून बसले होते. त्यांच्यासाठी गाडीचा खडखडाटही नव्हता. ते किती निःशब्द देशातून चालले असतील, असा विचार करता करता मलाही डुलकी लागली.

पांढुर्ण्याला फलाटाबाहेर एक बाई टोपलीत संत्री घेऊन बसली होती. "घ्या ना काका, मृगाचा माल हाय. बिलकुल गोड."

तिचे शब्द बाबांना ऐकू आले नसणार, पण एक संत्रं उचलून, हुंगून ते म्हणाले, "बागेतूनच आणून राहिली ना, का बाजारातून घेतले?" आणि ती बाई पदर तोंडाला लावून हसली. मी मात्र बघत राहिले. 'आणून राहिली' असं बोलणारे बाबा मी उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते. पन्नास वर्षं पुण्यात घडी घालून ठेवलेली बोली त्यांनी फलाटावर उतरताच उलगडली होती.

आत्याचा मुलगा, गजाननदादा, जीप घेऊन आला होता. सौंसरच्या रस्त्याला लागलो तसं धुकं विरळ झालं आणि कुठूनतरी गोड, ओलसर वास येऊ लागला. संत्र्याचा आंबिया बहार (थंडीअखेरची फुलं) लागला होता. झाडांवर पांढऱ्या चांदण्या, शेजारच्या बागेत मृगाची (पावसाळी बहाराची) पिकलेली फळं, आणि दोन्हींच्या मधून आमचा रस्ता. माझ्या मांडीवर कॅमेरा होता, पण झाकण काढायचं भान राहिलं नाही.

वाटेत जामसांवलीला थांबलो. पिंपळाखाली निजलेल्या मारुतीचं दर्शन घेतलं. रविवारची गर्दी होती, घंटेवर घंटा पडत होती. बाबा मान वर करून घंटेचा लोलक हलताना नुसता पाहत होते. बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले, खिशातून रुमाल काढला, त्याच्या चारही घड्या उघडल्या आणि दोन्ही मशिनं मन लावून कानात बसवली.

"बोल काहीतरी," मला म्हणाले.

"बाबा, ऐकू येतंय?"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मशिनं मेली होती. चार्जिंगच्या डब्याबाहेर काढली की ती आपोआप चालू होतात आणि खिशातही चालूच राहतात, हे मी त्यांना सांगितलं होतं. म्हणजे त्यांना ऐकू येत नसताना सांगितलं होतं. ठीक आहे, डब्यात ठेवून चार्ज करू, म्हणून मी चार नंबरची थैली काढली. यादीत चार नंबर म्हणजे 'बाबांचे कान'. चेन उघडली तर आत बाकरवडीचा पुडा. चपखल बसलेला.

मी हवेत डब्याचा आकार काढून दाखवला.

"तो पांढरा? तो रिकामाच होता गं," बाबा म्हणाले. "मशिनं तर माझ्या खिशात. उगाच जागा अडवत होता, म्हणून काढला आणि बाईला बाकरवडी घेतली."

सुधीरला हसू आवरेना. मी त्याच्यावर अशी खेकसले, की ते शेजारच्या नारळवाल्यानेही ऐकलं असेल. काखेत कळसा असता तर गावाला वळसा घालता आला असता. इथे कळसाच पुण्यात, कपाटावर. सौंसरच्या बाजारात एका मोबाइलच्या दुकानात शिरले. दुकानदाराने चार्जरांनी भरलेला सगळा खण पालथा केला.

"मॅडम, याले त्याचाच डबा लागते. नागपूरले भेटन, पण आज इतवार. सब बंद." त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. उद्या दुपारी तर आमची परतीची गाडी होती. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मला रडू फुटलं. पाच प्लगांचा बोर्ड आणला होता मी, आणि त्यात घालायला नेमकी हवी ती एकच वस्तू नव्हती.

बोरगावला आत्या बागेतच होती. भाऊ घरी आला की मारुतीला रोडगे करीन, असा तिने नवस बोलला होता. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात (निखाऱ्यांत) तासन्‌तास भाजलेले. झाडांमध्ये मोकळ्या जागी गोवऱ्या धुमसत होत्या, शेजारी वांग्याची भाजी रटरटत होती, आणि सूनबाई, आमच्या कुंदावहिनी, सांबार (कोथिंबीर) निवडत होत्या. धूर जमिनीलगत पसरून झाडांच्या बुंध्यांतून हळूहळू चालला होता. त्या धुरातून पंच्याऐंशी वर्षांची आत्या उठून आली. लहानखुरी, वाकलेली. तिने बाबांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

"नाम्या! किती वाळला रे!"

"हो, प्रवास चांगला झाला," बाबा म्हणाले.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी डब्याची सगळी कहाणी सांगितली. तिने बाबांना हाताला धरून आराजवळ बाजेवर बसवलं.

शेजारपाजारचे पंधरा-वीस जण जेवायला आले होते. निदान रोडग्यांची कृती तरी टिपावी म्हणून मी तिवई उभी केली आणि आत्याच्या पदराला माइक लावला. ती रोडगे उलटत होती, राख झटकत होती, फुंकणीने आर फुलवत होती. बाबा तिच्याकडे एकटक बघत होते. आणि अचानक, आपला आवाज किती चढलाय हे न कळून, ते म्हणाले, "बाई, भाऊजींनी जाताना माझी वाट पाहिली का?"

वहिनींचा हात सांबारावर थांबला.

"सांगा ना जोरानं, आत्याबाई," कुणी शेजारीण म्हणाली. "कानापाशी बोंबला."

"असं बोंबलून सांगाचं असते का हे?" आत्या तिच्यावर डाफरली.

मी पुढे झाले. "आत्या, तू मला सांग. मी मोबाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवते त्यांना."

"तुले काऊन (का) सांगू? त्यानं मले विचारलं हाय."

ती पुन्हा आराकडे वळली आणि फुंकणी तोंडाला लावली. पण फुंकली नाही. मग तिने फुंकणीचं राखेचं टोक पदराने पुसलं, त्यात बोट घालून पुन्हा पुसलं, आणि बाजेपाशी येऊन ते बाबांच्या कानाला लावलं. बाबा दचकले. आत्याने दुसऱ्या टोकात हळूच काहीतरी म्हटलं.

बाबांचे डोळे मोठे झाले. "बाई," ते म्हणाले, "येतंय. ऐकू येतंय!"

आत्या थांबली, पदराचा माइक खुडून माझ्या हातात ठेवला. "हा भुंगा घे आधी तुहा." मी तो बंद केला, कॅमेराही बंद केला आणि लांब जाऊन एका झाडाखाली बसले. बाकीचे लोकही न सांगता इकडेतिकडे पांगले. वरून फुलांच्या पाकळ्या गळत होत्या, दोघांमध्ये हातभर लांबीची लोखंडी नळी होती आणि आत्याचे ओठ हलत होते. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी बाबांनी डोळे पुसले आणि पोट धरून हसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

जेवताना बाबांनी तीन रोडगे तुपात बुडवून खाल्ले. नंतर भांडी घासायला मी वहिनींपाशी बसले, तेव्हा त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला.

"ताई, मामाजी (सासरे) शेवटचे चार दिवस एकच बोलून राहिले होते. नामा आला का, नामा आला का. रस्ता दिसला पाहिजे म्हणून खाट फिरवाले लावली. गाड्या बंद हायेत म्हणून सांगितलं, पण त्यायले पटेच ना. तुमच्या बाबाले मात्र नका सांगू."

मी राखेचा हात तसाच पातेल्यात ठेवून बसले. म्हणजे आत्याने बाबांना काय सांगितलं होतं? आणि ते हसले कशाला?

ते कळलं दुसऱ्या दिवशी, नागपूरहून गाडी सुटल्यावर. मी विचारलं नव्हतं. बाबा आपणहून बोलले. "बाई म्हणाली, भाऊजींनी कोणाचंच नाव घेतलं नाही. संत्र्याला पाणी सोडलं का, एवढंच विचारत होते. माझंही नाव नाही घेतलं म्हणाली, तुझं कुठून घेतील?" ते पुन्हा हसले. "तसेच होते भाऊजी. मी गेलो असतो, तर मलाही पाणी सोडायला पिटाळलं असतं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. सूर्य मावळेपर्यंत ते शांत झोपले होते, तोंड किंचित उघडं, लहान मुलाचं असतं तसं. मी खिडकीपाशी बसून आत्याचा विचार करत होते. नवऱ्याची ती शेवटची हाक तिने इतकी वर्षं एकटीने सांभाळली होती, आणि भावाच्या कानापर्यंत ती पोचू नये म्हणून कानाशीच तोंड नेलं होतं. त्या क्षणी मला तिचा फार हेवा वाटला आणि भीतीही वाटली, कारण आता ती हाक माझ्याकडेही होती.

घरी आल्यावर मशिनं डब्यात ठेवली. तीन तासांनी दिवा हिरवा झाला. बाबांनी ती कानात घातली, स्वयंपाकघरात आले आणि वाहत्या नळाकडे थोडा वेळ कान देऊन उभे राहिले. मग मला म्हणाले, "भांडी घासताना कुंदा तुझ्याशी काहीतरी बोलत होती. तुझा चेहरा पाहिला मी. भाऊजींचंच ना?"

मी नळ बंद केला.

"हो," मी म्हणाले. "पाण्याचंच विचारत होते म्हणाली. संत्र्याच्या पाण्याचं."

सवयीने मी ते इतक्या जोरात म्हणाले की बाबांनी कानांवर हात ठेवले.

"हळू बोल गं," ते म्हणाले. "आता ऐकू येतं मला."