उजव्या खांद्यावरचा पदर

खिडकीच्या गजांना रंग देणाऱ्याने थिनरची बाटली उघडली आणि मला ऐंशीच्या दशकातली, सिल्वासातली आमची पुढची खोली आठवली. आई जाऊन महिना झाला होता. तिचा एकच धड फोटो होता, तोही वर्तमानपत्रातला, जवळच्या मसाट गावातल्या शिवणवर्गाच्या उद्घाटनाचा. साहेब कात्री उगारून असे उभे, जणू शिवणकला त्यांनीच शोधून काढली. त्यांच्या कोपराशी तबक धरलेली आई.

"साहेब नकोत, तेवढी आईच घेऊ," म्हणत बाबांनी कात्रण कापलं. फळीवर तिच्या पांढऱ्या साडीचा तुकडा चिकटवला, कात्रण त्यावर पालथं ठेवलं, थिनरचा बोळा फिरवला आणि चमच्याच्या पाठीने घासत राहिले. मग कागद हळूच सोलला. आई कापडावर उतरली होती, पण उलटी. पदर उजव्या खांद्यावर, तीळ दुसऱ्या गालावर.

शेजारच्या मंजुबेन डोकावल्या. "अरे भाई, वहिनी तर आमच्यासारख्या गुजराती झाल्या!"

बाबा हसले आणि मग म्हणाले, "ही ती नाही." कात्रणावर आता नुसता राखाडी डाग उरला होता. फळी त्यांनी कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवली, ती पुन्हा कधी काढली नाही.

बाबा गेल्यावर ती फळी माझ्याकडे आली. आज थिनरचा वास आला तशी उठून मी ती बाहेर काढली, बराच वेळ पाहिली. रोज वेणी घालताना आरशात आईला स्वतःचा चेहरा असाच दिसत असणार. हे बाबांना सांगायला हवं होतं.