संपाच्या वर्षीचा भोंडला

नाशिकमध्ये कधी काय झालं असं कुणी विचारलं, तर मला साल आठवत नाही, गाणं आठवतं. दोष माझा नाही, आमच्या समोरच्या काकूंचा आहे. इंदिरानगरच्या आमच्या कॉलनीत नवरात्रातला भोंडला त्यांच्या अंगणात व्हायचा. पाटावर खडूने हत्ती काढायचा आणि भोवती आम्ही पोरीबाळी, बायका हात धरून फेर धरायचो. जुनी गाणी संपली की काकू स्वतःची जोडायला लागायच्या. जुन्या नाशकात संचारबंदी लागली, त्यावर त्यांचं गाणं होतं. लासलगावला कांदा मातीमोल झाला, त्यावर होतं. गंगापूर रोडची झाडं रुंदीकरणात गेली, त्यावर तर असं होतं की माझी आई हसता हसता डोळे पुसत होती. पेपरवाल्यांना जमलं नसतं ते ही बाई पोळ्या लाटता लाटता करायची!

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा बाबांच्या कंपनीत संप झाला. काका, म्हणजे काकूंचे यजमान, आणि माझे बाबा एकाच खात्यात होते, एकाच स्कूटरवरून कामाला जायचे. काका गेटाबाहेर मांडवात बसले. ताईचं लग्न तोंडावर आलेलं, म्हणून बाबा काही दिवसांनी पोलिस बंदोबस्तातल्या बसमधून आत गेले. झालं, आमचं घर वाळीत पडलं. दूधवाल्याशिवाय दाराशी कुणी थांबेना. आईने बाहेर पडणंच सोडलं. मला तर सगळ्यांचाच राग यायचा. पुरुष भांडले म्हणून आमचा भोंडला का बुडावा?

घटस्थापनेच्या संध्याकाळी काकू पाट घेऊन बाहेर आल्या आणि सरळ रस्ता ओलांडून आमच्या अंगणात शिरल्या. हत्ती आमच्या फरशीवर मांडला. बायका आपापल्या गेटाशी उभ्या राहून बघत होत्या, पण एकही हलली नाही. नवऱ्यासमोर काकूंना काय उत्तर द्यावं लागणार होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंनी माझा हात धरला. दोघींचा कसला आलाय फेर? तरी आम्ही फिरलो. काकूंनी खणखणीत आवाज लावला:

कंपनीच्या दारापुढे मांडव पडला बाई,
एक नवरा आत गेला, एक बाहेर राही,
दोघांच्याही घरी आज आमटीला मीठ नाही!

कुठल्यातरी गेटाशी हसू फुटलं. काकू थांबल्या आणि आमच्या अर्धवट उघड्या दाराकडे बघून आईला म्हणाल्या, "वहिनी, भाऊजी आत गेले, आमचे हे बाहेर बसले. आपण दोघी कुठे गेलो होतो?"

आई आली, हाताला कणीक तशीच. मग एकेक गेट वाजायला लागलं आणि बघता बघता फेर अंगणात मावेना. खिरापत त्या दिवशी कुणी केलीच नव्हती, त्यामुळे ती कुणाला ओळखता आली नाही. आईने डब्यातला गूळ आणि शेंगदाणे वाटले. काकूंइतकी हिंमत मी पुढे मोठमोठ्या पुढाऱ्यांत पाहिली नाही, खरं सांगते. बाबा मात्र दार लोटून आतच बसून राहिले.

संप मोडला. पुढे दोन-तीन वर्षांत कंपनीच बंद पडली, आणि आतले काय, बाहेरचे काय, सगळेच घरी बसले. आजूबाजूच्या शेडही ओस पडत गेल्या. बायकांचं येणंजाणं पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं, पण काका आणि बाबा समोरासमोर राहून एकमेकांशी बोलत नव्हते. आईचा आणि काकूंचा जीव त्यापायी तुटायचा.

एकदा मी बाबांच्या मागे स्कूटरवर होते. कंपनीचं गेट आलं. मांडवाच्या जागी गवत माजलं होतं. बाबांनी स्कूटर हळू केली आणि मला ऐकू येईल न येईल असं गुणगुणले, "दोघांच्याही घरी आज आमटीला मीठ नाही." चालीसकट. म्हणजे त्या संध्याकाळी दाराआडून सगळं ऐकत होते तर!

कॉलनीत आल्यावर बाबा आमच्या घराशी थांबले नाहीत. स्कूटर त्यांनी समोरच्या गेटाशी लावली आणि बेल वाजवली. दार काकांनी उघडलं. बाबा मान खाली घालून उभे राहिले. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली.

"आत ये," ते म्हणाले. "आमटी उकळतेय. मीठ आहे का, तूच बघ."