तेवीस नंबरचं दार

मिरजेच्या मोहसीननं घरचा तंबोरे करायचा धंदा सोडून संगणक दुरुस्ती धरली, तेव्हा अब्बांनी बरेच दिवस अबोला धरला होता. पण सवय घरचीच राहिली. अब्बा तंबोऱ्यासाठी आणलेला एकेक भोपळा बोटानं वाजवून बघत, तसा मोहसीन संगणकाचे पोर्ट बघे. पोर्ट म्हणजे बाहेरून यंत्रात शिरायची, नंबर घातलेली दारं. एकेका नंबराला हाक मारायची. आतून ओ आली तर दार उघडं. नको ते उघडं सापडलं की लावून टाकायचं, आणि वर ते उघडं टाकणाऱ्याच्या नावानं यथेच्छ तोंडसुख घ्यायचं. त्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

सांगलीतल्या एका दवाखान्याचं काम त्याच्याकडे होतं. अठ्ठ्याण्णव सालचा रमजान डिसेंबरात आला. नेमकं संध्याकाळी तिथलं यंत्र अडायचं, मोहसीन सांगलीला धावायचा आणि अम्मी खजुराची ताटली पुढ्यात घेऊन वाट बघत राहायची. शेवटी त्यानं एक सोय केली. घरून फोनच्या तारेनं थेट दवाखान्याच्या संगणकात शिरता येईल, असं तेवीस नंबरचं दार उघडून ठेवलं. ईद झाली की लावायचं, असं ठरवलं होतं. ईद झाली, शिरखुर्मा झाला, दार तसंच राहिलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पेशंटांच्या सगळ्या नोंदी पुसलेल्या निघाल्या. बालंट आलं मनुबाईवर. ती तिथली आया. फरशी पुसता पुसता एका बोटानं टायपिंग शिकली आणि पन्नाशीला टेकताना नोंदणीच्या खुर्चीवर बसली. खुर्चीवर बसायच्या आधी पदराला हात पुसायची. "भलतंच बटण दाबलं असणार," असं डॉक्टर पेठकरांपासून वॉचमनपर्यंत सगळे म्हणाले, आणि तिच्या हातात पुन्हा फडकं आलं.

मोहसीनला बोलावणं गेलं. त्यानं नेहमीसारखी एकेका नंबराला हाक मारली. तेवीस नंबरातून ओ आली आणि त्यानं यंत्रातली आल्या-गेल्याची नोंद उघडली. रविवारी, नोंदणीची खोली कुलूपबंद असताना, कुणीतरी परका त्याच दारानं आत येऊन धुमाकूळ घालून गेला होता. त्यानं मुकाट्यानं दार लावलं. "झालं दुरुस्त," एवढंच तो डॉक्टरांना म्हणाला. एरवी जगाला नावं ठेवणाऱ्या गड्यानं त्या दिवशी नुसती आपली पिशवी उचलली.

बाहेर मनुबाई फरशी पुसत होती. "मोहसीनभाऊ, कंचं बटन दाबलं वो मी? म्हंजी पुना त्येला हात लावनार न्हाई."

"बघतो, मावशी," म्हणत त्यानं मिरजेची बस गाठली.

त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना. भित्रा, हलकट, असं स्वतःलाच म्हणून झालं. मग एका सकाळी तो डॉक्टरांपुढे उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी त्याला फाडून खाल्लं, त्याचं काम काढून घेतलं आणि मनुबाईला पुन्हा खुर्चीवर बसवायचं कबूल केलं. कितीतरी दिवसांनी मोहसीनला मोकळा श्वास आला. तो तसाच मनुबाईकडे गेला.

"मावशी, चूक माझी होती. दार मी उघडं टाकलं. तुम्ही काहीच दाबलं नव्हतं. चला, बसा खुर्चीवर."

मनुबाईनं त्याच्याकडे फार मायेनं पाहिलं. "आवं, माझ्यापायी कशाला सोत्तावर घेताय? तुमी व्हय दार उघडं टाकनार? माझंच बोट घसरलं आसंल. मला आता आठिवतंय बी."

"अल्लाची शपथ, मावशी!"

"नगा वो शपता घालू. लय मोठ्या मनाचं हायसा. द्येव तुमचं भलं करू." तिनं डोळे पदरानं टिपले, बादली उचलली आणि ती वॉर्डाकडे निघून गेली.