प्रधानबाईंची टाकी

प्रधानबाई कारखान्यात आल्या की आधी टाकीशी बोलायच्या आणि मग माणसांशी. पदर कमरेला खोचून वाकायच्या, "काय गं, काल किती खाल्लंस?" असं टाकीला विचारायच्या, काचेच्या भांड्यात थोडं अ‍ॅसिड काढून घ्यायच्या आणि आपल्या इवल्याशा प्रयोगशाळेत शिरायच्या. तोवर आम्ही नमस्कार केला काय, न केला काय, सारखंच! माल रवाना करणं माझं काम, त्यामुळे मला सदा घाई. ही बाई एक दिवस टाकीला घरी जेवायला नेणार, असं मी मनात म्हणायचो.

बडोद्यात मकरपुऱ्याला आमचा छोटा कारखाना होता. नव्वदीचं दशक, नव्या कंपन्या भराभर येत होत्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर कडक थर चढवून मागत होत्या. भाग गार अ‍ॅसिडात टांगायचे, वीज सोडायची, की थर चढतो. पण चढताना थोडं अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि टाकीत साठत जातं. फार साठलं की माल करपतो. म्हणून बाई अधूनमधून थोडं जुनं अ‍ॅसिड काढून नवं भरायला लावत. सगळं मात्र कधीच बदलू देत नसत. "विरघळलेलं अजिबात नसलं तर थर भुसभुशीत येतो हो. विरजणाएवढं तरी राहू द्या," हे त्यांचं पालुपद. आम्ही त्यांची नक्कलही करायचो.

बाई जुन्या शहरातल्या एका गल्लीत, घडियाळी पोळात राहायच्या. नवरा लवकर गेला होता आणि एकुलता एक मिलिंद डिप्लोमा करून घरी बसला होता. त्या वर्षी बसच्या ब्रेकचे व्हॉल्व्ह करणाऱ्या एका कंपनीने आम्हाला पहिला माल दिला. तो पसंत पडला तर दुसरी पाळी सुरू होणार होती, आणि त्या पाळीवर मिलिंदला घ्यायचं आमच्या शेठ रमणभाईंनी कबूल केलं होतं. पोरगं बडोद्यातच राहणार म्हणून बाईंनी त्याच्यासाठी नवा डबासुद्धा आणून ठेवला.

दिवाळीत बाई नाशिकला बहिणीकडे गेल्या. शेठ मोठे हौशी. दिवाळीनंतर लाभपाचमेला कारखाना उघडायचा, म्हणून त्यांनी घराबरोबर टाकीही लख्ख करून घेतली. जुनं अ‍ॅसिड सगळं बाहेर, नवंकोरं आत, टाकीला कुंकू, वर झेंडूचा हार! मुहूर्ताला नेमका तोच ब्रेकचा माल घातला. दिसायला काय सुरेख आला म्हणता! आम्ही पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि टाकीपाशी थबकल्या. "ही धुतली कोणी?" आम्ही सगळ्यांनी शेठकडे पाहिलं. त्यांनी पांढऱ्या फडक्याने एक भाग पुसला. फडक्यावर करडी भुकटी आली. दुसरा पुसला, तिसरा पुसला. तेच.

"हा माल जाणार नाही."

"बेन, मुहूर्तनो माल छे, पाछो ना कढाय!" शेठ अगदी कळवळले. मुहूर्ताचा माल मागे काढणं त्यांना अपशकुनासारखं वाटत होतं.

"रमणभाई, मुहूर्त चांगलाच होता. थर मऊ आहे."

मला राग आवरेना. "अहो बाई, निदान मिलिंदचा तरी विचार करा!"

"मग दुसरं काय करतेय मघापासून?" असं म्हणून त्यांनी नापास मालाचा लाल शिक्का उचलला.

थर काढून पुन्हा चढवावा तर भागाचं माप बिघडतं. सगळा माल भंगारात गेला, कंपनीने काम अहमदाबादला दिलं आणि दुसरी पाळी बारगळली. शेठ कित्येक दिवस बाईंशी कामापुरतंच बोलत, पण यापुढे बाईंना विचारल्याशिवाय टाकीला हात लावायचा नाही, असं त्यांनीच सगळ्यांना बजावलं. बाईंनी भंगाराचे तुकडे टांगून टांगून, विरजणापुरते विरघळवून टाकी हळूहळू वळणावर आणली. घरचं काही वळणावर येत नव्हतं. "मी वाढते, तो जेवतो," एकदा त्या मला म्हणाल्या. "बोलत नाही हो माझ्याशी." मला फार वाईट वाटलं.

शेवटी मिलिंदला हैदराबादला नोकरी लागली. सामान उचलायला म्हणून मीही स्टेशनवर गेलो होतो. बाईंनी बडोद्याचा ओलसर लिलो चेवडो दिला, स्वेटर दिला, पुन्हा पुन्हा पाण्याची बाटली विसरू नकोस म्हणाल्या. तो "हं, हं" करत होता. गाडी आली तसा तो पाया पडला, चढला आणि दारातच वळून उभा राहिला.

"आई, तो माल खरंच खराब होता का गं?"

बाईंनी त्याचा हात घट्ट धरला.

"होता रे राजा. नसता तर मी तुला जाऊ दिलं असतं का?"