समोरच्या सीटवरची वही

मँचेस्टरच्या ट्रॅममध्ये तो रोज माझ्यासमोर बसतो. हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या विभागात कामाला आहे, मूळचा नागपूरचा, एवढंच मला ठाऊक. बोलताना तो चेहऱ्याकडे नाही, थेट बुबुळांकडे बघतो आणि मग छोट्या वहीत काहीतरी लिहितो. मला हे अजिबात आवडत नाही.

काल त्याने माझ्यासमोर पेन धरलं आणि हळूहळू डावीकडे नेलं. "काका, पेनाकडे पाहत राहा न. हलत्या वस्तूमागे मेंदू डोळ्यांना कसा स्मूथली नेतो, तेवढंच बघायचंय."

माझी नजर मात्र पेन सोडून वहीवर गेली. त्याने वही माझ्या हातात दिली. पानभर तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे तेच वाक्य: "काकांची नजर डावीकडे जाताना अडखळते. उद्या सांगू."